दगडाचं विरजण

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली की पहिले चार-सहा आठवडे तिच्यात पाहण्यासारखं काही नसतं, असं बहुतेकांना वाटतं. मला या छंदातला सर्वांत रसाळ काळ हाच वाटतो. काचेत पाणी, पाण्यात दगड, बाकी काही नाही. मासे नंतर येतील. टाकीचा खरा जन्म त्याआधी होतो.

सुरुवात दगडापासून करू. त्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, पण दगड स्वतः जिवंत नसतो. तो बहुधा मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा असतो. जिवंत असतं ते त्याच्या अंगाखांद्यावर आणि पोटात राहणारं. चांगला तुकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागतो, आणि हा हलकेपणाच त्याचा मोठा गुण आहे. बाहेरच्या भोकांतून पाणी खेळतं. आत जावं तसा प्राणवायू विरळ होतो. बाहेर प्राणवायूवर जगणारे जिवाणू, आत त्याच्यावाचून भागवणारे. एकाच दगडात दोघांचीही सोय असते.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढंच तिचं साहित्य. टाकी राखायची ती दगडातल्या जिवांनी, हा विचार आजच्या प्रवाळ-टाक्यांच्याही मुळाशी आहे.

हे जीव कामाला लागतात कसे? आरंभ मरणाने होतो. समुद्रातून निघून ओल्या कागदांत गुंडाळून आलेल्या दगडावरचे स्पंज आणि इतर नाजूक जीव प्रवासात दगावतात. ते पाण्यात कुजतात आणि अमोनिया सुटतो. पाणी तपासायच्या नळीतला पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, म्हणून गोड्या पाण्यापेक्षा इथे तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. पण माशाला जे विष, ते काही सूक्ष्मजीवांचं अन्न. ते वाढतात, अमोनियाचं नायट्राइट करतात. हिरवा रंग ओसरू लागतो आणि दुसऱ्या नळीत गुलाबी-जांभळा चढतो. मग नायट्राइट खाणाऱ्यांची पाळी येते. ते त्याचं नायट्रेट करतात. शेवटी दगडाच्या पोटातले जिवाणू थोड्याफार नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडून देतात.

या क्रमात घाई चालत नाही. दुसऱ्या फळीचं अन्न पहिल्या फळीने शिजवावं लागतं. शिवाय हे जिवाणू सावकाश वाढणारे. वहीत रोजचे आकडे मांडले की एक रेघ चढून उतरते, तिच्या उतारावर दुसरी चढते, आणि दोन्ही शून्याला टेकल्या तरी तिसरी वर जात राहते. या तीन रेघा मी पुन्हा पुन्हा पाहतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तीचं हस्ताक्षरच ते.

ती वस्ती किती अनोळखी असू शकते, हे सिअ‍ॅटल मत्स्यालयातल्या एका टाकीने दाखवलं. तिच्या तळच्या खड्यांतून संशोधकांनी ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा सूक्ष्मजीव वेगळा केला आणि २००५ साली जगापुढे ठेवला. तो जिवाणू नव्हे, आर्किया या निराळ्याच कुळातला. अमोनियावर जगणारे त्याचे भाऊबंद समुद्रात अफाट संख्येने आहेत, हे पुढे स्पष्ट होत गेलं. महासागराचा एवढा मोठा कामकरी सापडला तो टाकीच्या तळाशी.

नळ्यांमधले रंग उतरले की दगडावर रंग चढतात. आधी डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय, मग हिरवं शेवाळ, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कोरलाइन शैवालाचे गुलाबी-जांभळे ठिपके. रात्री लाल उजेडाचा टॉर्च धरला तर कोपेपॉड हे राईएवढे जीव काचेवर टुणटुणताना दिसतात, एखादा ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ समुद्री किडा, फटीतून अर्धं अंग बाहेर काढतो. नाक जवळ नेलं तर आरंभीचा कुजका वास गेलेला असतो. ओहोटीच्या वेळी खडपावर येतो तसा स्वच्छ, खारा वास असतो. दही लागलं की नाही हे जाणत्या बाईला झाकण काढताच कळतं. तसं टाकीचं या वासावरून कळू लागतं. खात्री मात्र नळीनेच करावी.

पूर्वी याच काळात अमोनियासाठी काटक डॅमसेल मासे टाकीत सोडत. त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया येई आणि त्यांचेच कल्ले त्याने भाजत. दगडाबरोबर आलेली कूज किंवा चिमूटभर खाद्य हेच काम करत असताना ही क्रूरता कशासाठी?

विरजणाची उपमा मला इथे शेवटपर्यंत खरी वाटते. दह्यासाठी दही भांडंभर लागत नाही, चमचाभर पुरतं. टाकीतही कोरडा, सच्छिद्र दगड किंवा सिमेंटचा घडवलेला खडक रचून, जुन्या निरोगी टाकीतला मुठीएवढा तुकडा सोबत ठेवला तर वस्ती पसरते. वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. मोल दगडाचं नाही, त्यातल्या जिवांचं आहे, आणि ते शेजारून मागून आणता येतात.

म्हणून एक कळकळीची विनंती. मालवणच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तो दगड तिथे समुद्राचं विरजण म्हणून आहे. त्याला तिथेच राहू द्या.