नियम, तत्त्व आणि विवेकाधिकार : डॉ. आंबेडकरांच्या फलप्रामाण्यवादाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वाचकाला जॉन ड्यूई (१८५९–१९५२) हे नाव प्रामुख्याने शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. 'कृतीतून शिक्षण' या सूत्रापलीकडे त्यांची ओळख सहसा जात नाही. चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स आणि ड्यूई यांनी घडविलेल्या अमेरिकन परंपरेसाठी मराठीत 'फलप्रामाण्यवाद' ही संज्ञा रूढ आहे. कल्पनेचा अर्थ व मूल्य तिच्या परिणामांवरून तपासावे, हा या परंपरेचा गाभा होय. मात्र 'फल' या शब्दामुळे ती सोयीचे किंवा फायद्याचे तत्त्वज्ञान आहे, असा गैरसमज सहज होतो. ड्यूईंच्या दृष्टीने परिणाम म्हणजे एखाद्याचा लाभ नव्हे. सामूहिक अनुभवातून सतत दुरुस्त होत जाणारे ज्ञान असा त्याचा अर्थ आहे. लोकशाही ही त्यांना अशा दुरुस्तीची सर्वांत व्यापक पद्धत वाटते.

या विचाराचा महाराष्ट्राशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ते ड्यूईंच्या वर्गांना बसले. जून १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्ककडे निघाले असतानाच, १ जून रोजी ड्यूईंचे निधन झाले. आपले बौद्धिक जीवन या गुरूचे ऋणी आहे, असा भाव त्यांनी त्या वेळी पत्रातून व्यक्त केला. हा ऋणानुबंध आता वादाचा विषय राहिलेला नाही. आंबेडकरांनी या वारशाचे काय केले आणि अर्थकारण, जात व लोकशाही या तीन क्षेत्रांत तो सारख्याच रीतीने टिकतो का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. त्याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. प्रभावाच्या चर्चेची मर्यादा

आंबेडकर–ड्यूई संबंधावरील अभ्यासाने गेल्या काही दशकांत बराच पल्ला गाठला आहे. अरुण मुखर्जी यांनी २००९ मधील निबंधात लोकशाहीच्या अर्थाच्या अंगाने हा संबंध तपासला. स्कॉट स्ट्राउड यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आंबेडकर हे ड्यूईंचे केवळ अनुयायी नसून त्या विचाराची पुनर्रचना करणारे स्वतंत्र विचारवंत होते, अशी मांडणी केली. ही मांडणी स्वागतार्ह आहे. 'कोणाचे वाक्य कोठून आले' या शोधातून अभ्यास बाहेर पडला, हे तिचे श्रेय होय.

तथापि या अभ्यासाचा भर मुख्यतः तत्त्वज्ञान, धर्म आणि वक्तृत्व यांवर राहिला आहे. आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय लेखन त्यात तुलनेने दुर्लक्षित राहते. आपल्या महाविद्यालयांतील विषयांची विभागणीही याच दुराव्याला पोषक ठरते. राज्यशास्त्रात ते घटनाकार म्हणून, समाजशास्त्रात जातिमीमांसक म्हणून आणि अर्थशास्त्रात रुपयाविषयीच्या प्रबंधाचे कर्ते म्हणून शिकविले जातात. हे तीन आंबेडकर एकमेकांना क्वचितच भेटतात. त्यांना एकत्र वाचल्यास जी विसंगती पुढे येते, तीच या लेखाचा खरा विषय आहे.

२. नियम आणि तत्त्व

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले, परंतु प्रत्यक्षात न झालेले 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे भाषण १९३६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात ड्यूईंचा नामोल्लेख आहे आणि त्यांच्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' (१९१६) या ग्रंथाची छाया ठिकठिकाणी जाणवते. लोकशाही म्हणजे केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा विचार तेथूनच येतो. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांचे विधान मात्र भारतीय अनुभवातून आलेले आहे.

याच ग्रंथात नियम आणि तत्त्व यांतील भेद मांडला आहे. ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या 'एथिक्स' (१९०८) या पुस्तकाशी त्याचे नाते आहे. नियम काय करावे ते सांगतो, तर तत्त्व कसा विचार करावा ते शिकविते. नियम पाळणारा यांत्रिकपणे वागतो. तत्त्वानुसार वागणारा चुकू शकतो, परंतु आपल्या कृतीची जबाबदारी तो स्वतः घेतो. आज्ञा आणि निषेध यांच्या संहितेला धर्म म्हणता येणार नाही, हा निष्कर्ष आंबेडकर यातून काढतात. येथे ते नियमाच्या विरोधात आणि विवेकाच्या बाजूने उभे आहेत.

३. अर्थकारणात उलट दिशा

अर्थशास्त्राकडे वळताच चित्र पालटते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) या ग्रंथाविषयी आपल्याकडे एक सोपे विधान वारंवार केले जाते : रिझर्व्ह बँकेची स्थापना या ग्रंथामुळे झाली. ग्रंथातील मुख्य युक्तिवाद मध्यवर्ती बँकेच्या स्थापनेचा नाही. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय परिमाणाचे समर्थन केले होते, कारण ते लवचीक होते. आंबेडकरांचा आक्षेप नेमका या लवचीकतेवर आहे. चलन किती काढावे हे व्यवस्थापकाच्या मर्जीवर राहिले, तर किमती अस्थिर होतात. म्हणून चलननिर्मितीला निश्चित मर्यादा असावी, असे ते सुचवितात. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी विनिमयदराचा प्रश्नही याच पद्धतीने तपासला. रुपयाचा दर उतरल्यास किमती वाढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा लाभ श्रमिकाच्या तोट्यातून निघतो, असा त्यांचा रोख होता.

परिणामांवरून धोरण तपासण्याची ही पद्धत अस्सल फलप्रामाण्यवादी आहे. परंतु निघणारा निष्कर्ष १९३६ च्या नेमका उलट आहे. येथे आंबेडकर विवेकाधिकाराच्या विरोधात आणि नियमाच्या बाजूने उभे राहतात.

१९१८ मधील लहान धारणक्षेत्रांविषयीचा त्यांचा निबंधही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. जमिनीचे तुकडे हीच शेतीची व्याधी आणि एकत्रीकरण हाच उपाय, असे त्या काळी मानले जात होते. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे एकरांवर नव्हे, तर त्यावर लागणाऱ्या श्रम व भांडवलाच्या प्रमाणावर ठरते, असे उत्तर आंबेडकरांनी दिले. शेतीत अडकून पडलेले निष्क्रिय श्रम बाहेर काढल्याशिवाय दुखणे बरे होणार नाही आणि त्यासाठी औद्योगिकीकरण हवे, हे त्यांचे प्रतिपादन होते. भात, ऊस आणि काजू यांवर जगणाऱ्या आणि मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविणाऱ्या चंदगड परिसरातील वाचकाला हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज पडत नाही. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा केला. जमिनीवरचा भार मात्र कायद्याने हलला नाही.

४. परिचय आणि त्याच्या अटी

ही विसंगती समजण्यासाठी वंश आणि जात यांच्याकडे वळावे लागते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी संपविणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून ही तुलना महाराष्ट्राच्या विचारविश्वात आहे. जेम्स यांचे विद्यार्थी असलेले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि आंबेडकर यांच्यात १९४६ मध्ये पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत आंबेडकरांना हवी होती.

ड्यूई १९०९ च्या राष्ट्रीय निग्रो परिषदेत बोलले होते. तरी वंशभेदावर त्यांचे लेखन थोडेच आहे. १९२२ मधील एका निबंधात ते वंशद्वेषाचे मूळ अपरिचिताविषयीच्या सहज प्रतिक्रियेत शोधतात आणि राजकीय व आर्थिक कारणांनी तो तीव्र होतो असे सांगतात. संपर्क वाढला आणि परिस्थिती पालटली तर तो ओसरू शकेल, अशी त्यांची आशा आहे.

मराठी गावाला हे निदान लागू पडत नाही. वतनदार महार आणि गावातील इतर लोक यांच्यात अपरिचय कधीच नव्हता. सांगावा पोहोचविणे, सरकारी कामगारांबरोबर फिरणे, गावाची राखण करणे ही कामे रोजच्या संपर्काचीच होती. उणीव संपर्काची नव्हती. संपर्काच्या अटी एका बाजूने ठरविलेल्या होत्या. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात माणूस केव्हाही हाकेला बांधलेला राही. किती काम आणि कोणत्या वेळी, याचा विवेकाधिकार पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती होता.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली आणि मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. मुंबई इलाख्यासाठी मात्र १८७४ चा वतन कायदाच लागू राहिला. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्याचा भाग असलेल्या चंदगडच्या वाचकाने हा फरक ध्यानात घ्यावयास हवा. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. जमिनीचा पूर्ण सारा भरून सेवेच्या बंधनातून मुक्त होण्याचा मार्ग त्यात होता. ते संमत होऊ शकले नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली. चंदगडपासून माणगाव फार दूर नाही. परंतु सुटकेची तारीख कोणत्या राजवटीखाली गाव आहे यावर अवलंबून होती.

येथे आंबेडकरांच्या दोन भूमिकांमधील दुवा सापडतो. विवेकाधिकार कोणाकडे आहे आणि त्याचा परिणाम भोगणाऱ्याला जाब विचारता येतो का, ही त्यांची कसोटी आहे. व्यक्ती स्वतःच्या आचरणाविषयी निर्णय घेते, तेव्हा नियमापेक्षा तत्त्व श्रेष्ठ. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या पोटावर येतो आणि दुसऱ्याला बोलण्याची सोय नसते, तेव्हा तत्त्वापेक्षा नियम सुरक्षित. ड्यूईंचा प्रयोगवाद प्रयोगात भाग घेणारे सारे बोलू शकतात असे गृहीत धरतो. आंबेडकर प्रथम त्या गृहीतकाचीच परीक्षा घेतात.

५. १९४७, १९४८ आणि न सुटलेला पेच

ही कसोटी आंबेडकरांच्या सर्व लेखनाला पुरी पडते, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी राज्य समाजवादाची योजना मांडली. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याकडे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसण्यास द्यावी आणि ही व्यवस्था संविधानातच लिहावी. म्हणजे बदलत्या बहुमताला ती मोडता येणार नाही. पुढे १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी 'समाजवादी' हा शब्द संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचविली, तेव्हा आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, असे ते म्हणाले. आणि मार्गदर्शक तत्त्वांत आर्थिक न्यायाची दिशा आलेलीच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

प्रथम ते फेडरेशनचे प्रतिनिधी होते, नंतर मसुदा समितीचे अध्यक्ष, एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. १९४८ ची भूमिका ड्यूईंच्या प्रयोगशीलतेला अधिक जवळची आहे, तर १९४७ ची भूमिका आंबेडकरांच्या स्वतःच्या कसोटीला. दीड वर्षात गावातील सत्तासंबंध बदलले नव्हते. मग बहुमतावर टाकलेला विश्वास कशाच्या आधारे? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा त्यांनी दिला, तो या पेचाची कबुली म्हणून वाचता येतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. चलनाच्या व्यवस्थापकावर अविश्वास दाखविणारे आंबेडकर सर्व शेतजमीन राज्याकडे सोपवितात, तेव्हा तलाठ्यापासून सचिवापर्यंत विवेकाधिकाराची नवी साखळी निर्माण होते. अल्पसंख्याकांना कार्यकारी मंडळातही प्रतिनिधित्व देण्याची तरतूद त्यांनी याच निवेदनात सुचविली, हे त्याचे अंशतः उत्तर आहे. ते अंशतःच, कारण मंत्रिमंडळातील प्रतिनिधी गावच्या कचेरीतील निर्णयाला रोज पुरा पडत नाही.

निष्कर्ष

आंबेडकरांना ड्यूईंचे शिष्य म्हणून गौरविल्याने किंवा त्यांना पाश्चात्त्य ऋणातून पूर्णपणे मुक्त ठरविल्याने हा पेच सुटत नाही. परिणामांवरून विचार तपासण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली आणि परिणाम कोणावर होतो व तो मोजण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न तिच्यात आणला. ही त्यांची भर मूलभूत आहे. बहुमताचा विवेक आणि दुर्बलाचे संरक्षण यांची सीमारेषा मात्र त्यांनी निर्णायकपणे आखली नाही. बहुधा ती एकदाच आखता येणारी नसावी.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर (१९९२) ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. लाभार्थ्यांची निवड, गायरानाचा वापर, पाण्याची वाटणी यांत नियम किती आणि विवेकाधिकार किती, सभेत कोण बोलते आणि कोणाच्या रोजगारावर कोणाचे मौन अवलंबून असते, हे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांना मिळून तपासता येईल. १९१८ चा निबंध, १९३६ चे भाषण आणि १९४७ चे निवेदन एकाच वर्गात वाचले गेले, तर अशा पाहणीसाठी लागणारे प्रश्न विद्यार्थ्याला बाहेरून आणावे लागणार नाहीत.