ध्वनीची आवर्तने आणि वाणीचा अवशेष

अमेरिकन संगीतकार आल्विन ल्युसिए (1931–2021) यांच्या ‘आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम’ या 1969 मधील कृतीत यंत्राने भाषेचा लोप केला, असे म्हटले जाते. हे मत पूर्णतः ग्राह्य नाही. खोलीत बसून वाचलेला परिच्छेद ध्वनिफितीवर मुद्रित करावयाचा, तो त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करावयाचा, व हेच करीत राहावयाचे, एवढीच येथील प्रक्रिया. 1980 च्या मुद्रणात अशा 32 आवृत्त्या आहेत. खोलीच्या आकारमानाशी जुळणाऱ्या कंप्रता प्रत्येक फेरीत बळावतात, इतर क्षीण होतात. प्रथम व्यंजनांची धार जाते, मग स्वरास्वरांतील भेद मावळतो. अखेरीस घंटानादासारखे दीर्घ नाद उरतात. परंतु अक्षरांचे कालमान व विराम यांची छाया बराच काळ टिकते. आणि येथेच कृतीचा खरा पेच आहे. ल्युसिए बोलताना अडखळत. हा विषमपणा प्रक्रियेने सम व्हावा, असा हेतू संहितेतच नमूद आहे. पण अडखळणे ही मुख्यतः कालगत घटना होय. मुद्रणात ते अडखळतात तेही (योगायोग विलक्षण खरा!) ‘ऱ्हिदम’ या शब्दापाशी, आणि शब्द विरघळल्यानंतरही तेथील खोळंबा नादाच्या स्पंदांत ओळखू येतो.