तक्त्यातले ट्रिटियम

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन आम्ही पाहिले. त्यात ट्रिटियमवर, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनवर, एक तक्ता होता. अणुकेंद्रात एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन, अर्धायुष्य १२.३ वर्षे, बीटा किरण त्वचेच्या मृत थरातच अडतात, ही माहिती अचूक होती. मात्र त्यावरून काढलेले दोन निष्कर्ष चुकीचे होते, आणि पाहुण्यांच्या लक्षात नेमके तेच राहणार होते.

पहिला : 'दूषित पाणी गाळून, उकळून वापरावे.' ट्रिटियम पाण्यात विरघळलेले नसते. साध्या हायड्रोजनची जागा घेऊन ते पाण्याच्या रेणूचाच भाग बनते. त्यामुळे गाळण्याने किंवा उकळण्याने ते वेगळे होत नाही. फुकुशिमाच्या पाण्यातून इतर बहुतेक किरणोत्सारी द्रव्ये काढता आली, हे काढता आले नाही. म्हणून २०२३ पासून ते पाणी विरळ करून समुद्रात सोडले जाऊ लागले.

दुसरा : 'शरीरात गेलेले ट्रिटियम बारा वर्षांनी निम्मे होते.' नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे उघडकीस आले. पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीत ट्रिटियम वाढलेले आढळले. अशा वेळी लघवी वाढवण्याचे उपचार करतात. कारण शरीरातले पाणी सतत बदलत असते आणि सुमारे दहा दिवसांत निम्मे ट्रिटियम त्याच्याबरोबर बाहेर पडते. सेंद्रिय रेणूंत बांधला गेलेला थोडा अंश मात्र अधिक काळ राहतो. म्हणून ते निरुपद्रवी आहे असेही शिकवू नये.

दोन्ही चुकांचे मूळ एकच. तक्त्यात अणू होता, जलचक्र नव्हते. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे ट्रिटियम पावसातून जमिनीत उतरते, पिकात शिरते, पानांतून पुन्हा हवेत जाते. भूजलशास्त्रज्ञ तर पावसाळ्यापूर्वी जमिनीत मुळांच्या खाली अल्पसे ट्रिटियमयुक्त पाणी सोडतात आणि पावसाळ्यानंतर ते किती खोल गेले यावरून भूजलात किती भर पडली हे ठरवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ही पद्धत देशात अनेक ठिकाणी वापरली आहे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुलांना याहून जवळचे उदाहरण कोणते मिळणार?

तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. शेजारी जलचक्राचे नेहमीचे चित्र लावावे, ढगात एक लाल ठिपका काढावा आणि मुलांना विचारावे, ''हा आता कुठे कुठे जाईल?''