प्राचीन डीएनए आणि 'मिश्रणा'चा इतिहास : डेव्हिड राइक यांच्या ग्रंथाचे चिकित्सक परिशीलन

प्रस्तावना :
मानवाच्या प्रागितिहासाचे आकलन दीर्घकाळ दगडी हत्यारे, मृद्भांडी व दफने या साधनांवर अवलंबून होते. त्यांत प्राचीन डीएनएची भर पडल्यावर, शेतीचा प्रसार माणसांच्या स्थलांतराने झाला की केवळ ज्ञानाच्या देवाणघेवाणीने, हा जुना वाद नव्याने तपासला जाऊ लागला. जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइक यांचा 'हू वुई आर अँड हाऊ वुई गॉट हिअर' (२०१८) हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील 'मिश्रण' या मध्यवर्ती संकल्पनेची चिकित्सा केली आहे.

ग्रंथाचे योगदान :
राइक यांच्या मांडणीनुसार आजचे युरोपीय समाज प्रामुख्याने तीन प्रवाहांतून घडले : स्थानिक शिकारी-अन्नसंकलक, अनातोलियातून आलेले शेतकरी आणि सुमारे ५,००० वर्षांपूर्वी पूर्वेकडील गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक. यावरून कोणताही समाज 'शुद्ध' नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध होते. वंशशुद्धीच्या कल्पनेला दिलेला हा धक्का हे ग्रंथाचे सर्वांत मोठे यश होय.

संकल्पनेच्या मर्यादा :
तथापि, 'मिश्रण' ही येथे मुख्यतः संख्याशास्त्रीय संज्ञा आहे. ती वंशघटकांचे प्रमाण सांगते. दोन समाजांतील संबंधांचे स्वरूप सांगत नाही. ते विवाह होते, गुलामी होती की शेजारधर्म, याचे उत्तर टक्केवारीतून मिळत नाही.

जर्मनीतील हागेनजवळच्या ब्लेटरह्योले गुहेचे उदाहरण येथे बोलके आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकात या एकाच गुहेत दोन भिन्न आहारांच्या लोकांची दफने झाली. एका गटाचा आहार पाळीव जनावरांवर, तर दुसऱ्याचा गोड्या पाण्यातील माशांवर आधारलेला होता. केवळ मातृवंशाचा मागोवा घेणाऱ्या २०१३ सालच्या संशोधनात मासे खाणाऱ्या गटात फक्त शिकारी-अन्नसंकलकांचे वंश आढळले. त्यामुळे त्या समाजातील स्त्रिया शेतकऱ्यांच्या घरी नांदावयास गेल्या असाव्यात, परंतु उलट घडले नसावे, असा तर्क पुढे आला. मात्र २०१७ साली संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात मासे खाणाऱ्या गटातील एका व्यक्तीतही सुमारे एक-चतुर्थांश वंशघटक शेतकऱ्यांचा असल्याचे दिसून आले. म्हणजेच आहार, वंश आणि सामाजिक ओळख या तीन वेगळ्या गोष्टी ठरतात. पुराव्याचा प्रकार बदलताच निष्कर्षही बदलतो, हेही यातून स्पष्ट होते.

शब्दयोजनेकडेही लक्ष द्यावयास हवे. युरोपविषयक प्रकरणाच्या शीर्षकात 'घडण' या अर्थाचा शब्द येतो, तर भारतविषयक प्रकरणाच्या शीर्षकात 'टक्कर' या अर्थाचा. दोन्हीकडे पुरावा वंशमिश्रणाचाच असता हा फरक केवळ शैलीचा मानता येत नाही.

भारतीय संदर्भ :
२०१९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व स्वतः राइक यांच्या सहभागाने राखीगढी येथील एका स्त्रीच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्यातील इराणशी संबंधित वंशघटक इराणमध्ये शेती सुरू होण्यापूर्वीच तेथील लोकांपासून अलग झालेला आढळला. म्हणून शेती पश्चिमेकडील शेतकऱ्यांच्या मोठ्या स्थलांतराबरोबर आली, हे युरोपचे प्रारूप सिंधू खोऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाही. परंतु हा निष्कर्ष प्रामुख्याने एकाच सांगाड्यावर आधारलेला आहे, हे त्याचा हवाला देणाऱ्या दोन्ही बाजूंनी विसरू नये.

समारोप :
राइक यांचा ग्रंथ शुद्धतेचा भ्रम दूर करतो, परंतु त्याच्या आधारे 'मूळचे कोण' असा नवा दावा मांडण्याचा मोहही निर्माण होऊ शकतो. प्राचीन डीएनए कोणाचे पूर्वज कोण, हे सांगू शकते. भूमीवर हक्क कोणाचा, हे सांगू शकत नाही. हा भेद वर्गात स्पष्ट करणे ही इतिहास व जीवशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची समान जबाबदारी ठरते.