किनाऱ्यालगत एकही वाडी नाही?

बोर्ली पंचतनच्या एका काकांनी मला पेनड्राइव्ह दिला. त्यात निसर्ग चक्रीवादळाच्या (३ जून २०२०) आधीची सुपारीच्या वाड्यांची यादी होती: वाडी कुणाची, कुठे, झाडं किती. फाइल उघडली तर झाडांचे आकडे स्वच्छ, आणि नावांच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता काला. संशोधनात उतरलात की अशी फाइल तुमच्याही हाती येऊ शकते. म्हणून तिच्यामागच्या जुगाडाची जरा तपासणी करू.

जुगाड साधा आहे. एका अक्षराला एक बाइट, म्हणजे संगणकाकडे २५६ खण. फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे आकार काढून ठेवले. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी साठवतोय. छापून येतं मराठी. १ च्या खणात १ च होता, म्हणून काकांचे आकडे वाचले.

हा जुगाड मला खरंच आवडतो. लग्नपत्रिका, नोटिसा, दिवाळी अंक यावरच निघाले. तेव्हा काम कागदावर संपायचं, आणि कागदावर त्यात काही खोट नव्हती.

खोट आहे साठवणीत. अशा फॉन्टमध्ये मजकूर दिसण्याच्या क्रमाने साठतो. ‘स्मिता’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अर्धा स, मग म. युनिकोडमध्ये तीच वेलांटी म नंतर येते. ‘वर्षा’तला रफार तिकडे ष नंतर, इकडे ष च्या आधी. त्यात प्रत्येक फॉन्टची खणांची वाटणी वेगळी. मग शोध चालत नाही, अकारविल्हे यादी लागत नाही. बरं, मानक नव्हतं असंही नाही. इस्कीचं भारतीय मानक १९९१ चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पण घरोघरच्या संगणकांत ते उतरायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर आपल्या फायली जुन्या फॉन्टमध्ये भरत राहिल्या.

याच्या शेजारी ‘बरहा’ ठेवून बघा. शेषाद्रि वासू यांनी १९९८ मध्ये ते कन्नडसाठी आणलं, पुढे त्यात मराठीही आली. रोमन कळा दाबायच्या, उमटते आपली लिपी. सुरुवातीला त्यातही स्वतःचे फॉन्ट होते, नंतर युनिकोड आलं. रोमन कळांनी मराठी लिहिणं हाही जुगाडच, पण तो बोटांपाशी थांबतो. मजकूर एकदा युनिकोडमध्ये गेला की तो कोणत्या कळांनी आला याचा मागमूस राहत नाही. माझा निकष हाच: जुगाड साठवलेल्या माहितीत शिरला, की त्याचं भाडं पुढचा माणूस भरतो.

यावेळी तो माणूस मी होतो. मी एक छोटा प्रोग्राम लिहून यादी युनिकोडमध्ये आणली. पडद्यावर सगळं झकास दिसलं. मग ठिकाणाच्या रकान्यात ‘किनाऱ्यालगत’ शोधलं. उत्तर: शून्य. तो आकडा मी तक्त्यात भरलासुद्धा. काकांना दाखवला तर म्हणाले, “म्हणजे आमच्याकडे समुद्रच नाही म्हण की!”

घोळ ‘ऱ्या’चा होता. माझा प्रोग्राम तो र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहीत होता. माझा कीबोर्ड ऱ आणि हलन्त असा. दोन्ही पद्धती चालतात, दिसतातही सारख्याच, पण शोधणाऱ्या प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द. जिथे वारा थेट समुद्रावरून आला, नेमक्या त्याच वाड्या माझ्या मोजणीतून गायब झाल्या होत्या. प्रोग्रामने चुकीचा संदेशही दिला नव्हता.

तेव्हा जुगाड जरूर करा, त्याशिवाय पीएचडी होत नाही. पण मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. काय बदललं ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा. ‘माहिती स्वच्छ केली’ एवढ्याने भागत नाही. आणि गाईडकडे जायच्या आधी आकडे गावातल्या कुणाला तरी दाखवा. समुद्र कुठे आहे हे त्यांना माहीत असतं.