फोटोची मागची बाजू

आपल्या भागात जुन्या फोटोंचं कौतुक फार, काळजी मात्र कमी, असं माझं स्पष्ट मत आहे. जामसांवलीच्या निद्रिस्त हनुमानाचे, सौंसरवरून जाणाऱ्या छोट्या लाईनचे फोटो मोबाईलवर फिरतात, ते कडा कापलेले, ॲपने रंगवलेले आणि तारखेशिवाय. ॲपने भरलेला शेंदूर हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. मी इंजिनीयर. तारीख आणि रिव्हिजन नंबर नसलेलं ड्रॉइंग साइटवर चालत नाही, मग इतिहासात असा फोटो कसा चालतो?

नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, पुढे तिथे ब्रॉडगेज आली. जुनी लाईन कशी दिसायची ते सांगायला घराघरांतले फोटोच उरलेत. आणि तेच आपण ‘जपायला’ म्हणून लॅमिनेट करतो! गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक फोटो न बिघडवता निघत नाही. अल्बममध्ये डिंकाने चिकटवला, की मागचा स्टुडिओचा शिक्का आणि हाताने लिहिलेली नावं झाकली जातात.

सवयी साध्याच आहेत. हात धुऊन, कोरडे करून फोटो कडेने धरा. मागे बॉलपेन नको. मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिहा. पीव्हीसीच्या पाऊचऐवजी आम्लरहित कागदाचं पाकीट वापरा. फ्रेमच्या काचेला फोटो टेकू देऊ नका, दमट हवेत तो चिकटतो. स्कॅन दोन्ही बाजूंचं करा, ६०० डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये. रंगकाम करायचंच तर वेगळ्या प्रतीवर. आणि फोटोतल्या माणसांची नावं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. ते काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.