‘केसरी’ची फाईल आणि नाशिकचा इतिहास

‘लो. टिळकांचे केसरींतील लेख’ हा संग्रह अभ्यासकांच्या इतका हातवळणीचा झाला आहे कीं, त्यालाच ‘केसरी’ समजण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस घातक वाटते. ४ जानेवारी १८८१ रोजीं निघालेल्या या पत्राचे पहिले संपादक आगरकर. १८८७ सालीं ते बाहेर पडले. अग्रलेख बहुधा निनांवी. अशा लेखाचा कर्ता केवळ भाषेवरून ठरविणें म्हणजे अक्षरवळण न पाहतां मोडी पत्रास धनी नेमून देणेंच होय.

नाशिकपुरतें पाहूं. कलेक्टर जॅक्सन यांचा वध २१ डिसेंबर १९०९ रोजीं रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत झाला. टिळक तेव्हां मंडालेस होते. जुलै १९०८ मध्यें त्यांस झालेली सहा वर्षांची शिक्षा ‘केसरी’तील लेखांवरूनच होती. अर्थात् संग्रहांत या प्रकरणावर त्यांचा तत्कालीन अग्रलेख सांपडणें शक्यच नाहीं. त्यावरून ‘केसरी’नें मौन धरिलें असें अनुमान कोणी काढील, तर तें निराधार होय. वधाचा वार मंगळवार, म्हणजे अंकाचाच दिवस. नेहमींच्या क्रमानें बातमीस २८ डिसेंबरचा अंक गांठणें प्राप्त होतें. तेथपासून कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांच्या १९ एप्रिल १९१० च्या फांशीपर्यंतचे अंक सलग वाचले पाहिजेत. मध्यें, फेब्रुवारींत, नवा प्रेस ॲक्ट आला. त्याच्या धाकानें भाषा कोठें आंवळली गेली कीं नाहीं, हें मूळ फाईलच सांगेल.

ज्यांच्या संग्रहीं हे अंक असतील त्यांनीं, पुरवण्या व जाहिराती न फाडतां, त्यांची तारीखवार यादी करावी.